बोहोची उसनी माती: अनुभव धागा

उत्तर आयर्लंडमधील फर्मॅना परगण्यात बोहो नावाचे गाव आहे. स्थानिक लोक त्याला नुसते ‘बो’ म्हणतात. तेथील सेक्रेड हार्ट चर्चच्या जुन्या दफनभूमीत १८१५ साली वारलेले धर्मगुरू फादर जेम्स मॅक्गर यांची कबर आहे. त्यांच्या हाताला गुण होता, आणि आपण हयातीत जे आजार बरे केले ते आपल्या पश्चात अंगावरची माती बरे करील असे त्यांनी सांगून ठेवले होते, अशी आख्यायिका आहे. या मातीशी ज्यांचा संबंध आला, त्यांनी आपले अनुभव लिहावेत.

एनिस्किलनहून, परिचारिका: अक्कलदाढेमुळे दोन रात्री झोप नव्हती, तेव्हा घरमालकीणबाईंनी चमचाभर माती सुती फडक्यात बांधून आणली आणि प्रार्थना म्हणून माझ्या उशीखाली ठेवली. ठणका ओसरला खरा, तरी दाढ पुढे काढावीच लागली. चौथ्या दिवशी मात्र त्या स्वतः दाराशी उभ्या होत्या, कारण माती कबरीवर परत केली नाही तर अनर्थ ओढवतो अशी तिकडची समजूत आहे. आपल्याकडे अंगारा घरी आणला की तो आपला होतो; ही माती उसनीच राहते.

वेल्सहून, सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी: स्वान्सी विद्यापीठातील संशोधकांना याच मातीत स्ट्रेप्टोमायसिस गटातला एक नवा जिवाणू सापडला आणि २०१८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. औषधांना दाद न देणाऱ्या सहा प्रमुख जंतूंपैकी चार जंतूंची वाढ त्याने प्रयोगशाळेत रोखली. त्यांत एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणूही होता. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये याच गटातील जिवाणूपासून मिळाले होते. म्हणून उशीखालची पुरचुंडी दाढ बरी करते असे मी म्हणणार नाही, पण कुठली माती तपासावी हे संशोधकांना या लोकश्रद्धेमुळे कळले, याचे मोल मला फार वाटते.

बेलफास्टहून: मी गेलो त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. एक आजी कबरीपाशी गुडघे टेकून पुरचुंडी सोडत होत्या. माती ओतून झाल्यावर त्यांनी फडके उलटे केले आणि शिवणीत अडकलेले कण नखाने काढून तेही कबरीवर टाकले.