नागपूरचा गाण्याचा कार्यक्रम आणि चिखलदऱ्याचं लाकडी कॉटेज: आजी अन् चार वर्षांचं लेकरू सोबत आहे, कसं जमवावं?

खारपाणपट्टा (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी. कापसाची दुसरी वेचणी आटोपली की तूर कापणीच्या आधी जे मोकळे दिवस मिळतात, त्यात डिसेंबरमध्ये घरच्यांना घेऊन निघायचा बेत आहे. आम्ही सात जण: मी, भाऊ, बायको, आई (७२ वर्षे, गुडघ्यांचा त्रास), मुली १७ आणि १० वर्षांच्या, अन् पुतण्या ४ वर्षांचा. मोठीला नागपुरात मोठ्या गायकाचा मैदानावरचा कार्यक्रम पाहायचा आहे. आईला थंड हवेचं ठिकाण पाहायचं आहे, म्हणून चिखलदऱ्याला लाकडी कॉटेजमध्ये दोन रात्री.

विचारायचं असं: दोन्ही एकाच फेरीत उरकावं की वेगवेगळं? कार्यक्रमाचं तिकीट कोणत्या भागाचं घ्यावं? लहान्याच्या कानाला त्रास होईल का? घाटात भाड्याची गाडी बरी की एसटी? अन् कॉटेज ठरवताना मालकाला नेमकं काय विचारावं? सविस्तर सांगा.

मांडव आणि माईक (अमरावती)

भाऊ, कार्यक्रमाचं मी सांगतो, घाटाचं जाणकार सांगतील.

तिकीट घ्याल तर बसायच्या खुर्च्यांचंच घ्या. मंचासमोरचा उभं राहायचा भाग महाग असतो, पण तिथे चार-पाच तास उभं राहावं लागते, मागून रेटा येतो अन् लेकराला समोरच्यांच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. आईंना तर तिथे नेऊच नका. खुर्च्यांमध्येही जागा निवडता आली तर साउंडवाला जिथे मिक्सर घेऊन बसतो त्या चौकटीच्या आसपासची निवडा. तो साधारण मैदानाच्या मध्यावर, मंचाच्या समोर असतो. आवाज जुळवला जातो तो तिथेच ऐकून, म्हणून गाण्याचे शब्द तिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतात. मंचाच्या अगदी डाव्या-उजव्या टोकाची तिकिटे स्वस्त असली तरी टाळा. टांगलेल्या स्पीकरचा मारा अन् खाली रचलेल्या बास बॉक्सचा धक्का दोन्ही त्या बाजूला जास्त बसतात.

आता कानाचं. हे नीट वाचा. ८५ डेसिबल आवाज ८ तास सहन होतो असं धरतात, आणि दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटे. मोठ्या कार्यक्रमात पुढच्या भागात १०० डेसिबल सहज होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, अन् ती मोठ्या माणसांसाठीसुद्धा आरामाची नाही. त्यामुळे पुतण्याला इअरमफ घ्याच, हेडफोनसारखे दिसणारे, पण आतून फोम भरलेले. पाकिटावर २० ते २५ डेसिबल आवाज कमी होतो असं लिहिलेलं पाहून घ्या. प्रत्यक्षात त्याहून कमीच अडतो, कारण लेकरू हलते, कडा सैल होतात. फोमचे बोटभर प्लग एवढ्या लहान्याला देऊ नका. कानात नीट बसत नाहीत अन् तोंडात घालायची भीती. कापसाच्या बोळ्यांनी फारसा आवाज अडत नाही, त्यांच्यावर विसंबू नका. मुलींना आणि तुम्हाला साधे फोम प्लग चालतात: बोटांनी बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद दाबून धरायचे. बहुतेक लोक हे शेवटचं करत नाहीत, म्हणून प्लग बाहेर येतात. लेकरू घरून निघायच्या चार-पाच दिवस आधीपासून रोज थोडा वेळ इअरमफ घालून खेळू द्या. ऐन मैदानात पहिल्यांदा घातले तर ते काढूनच फेकते.

वेळेचं गणित असं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक १५ दिवसांपर्यंतच राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. म्हणून मोकळ्या मैदानातला कार्यक्रम बहुधा दहाला आटोपतो. दारे चार-पाचला उघडतात, पण मुख्य गायक साडेसात-आठच्या आधी क्वचितच मंचावर येतो. आई अन् लहान्याला घेऊन साडेसहाला आत गेलात तरी पुरते, खुर्चीचा नंबर छापलेला असेल तर.

तिकीट काढताना खाते आधीच उघडून ठेवा, मोबाइल नंबर, यूपीआय सगळं तयार. विक्री सुरू होताच रांग लागते अन् पान परत परत ताजं केलं की मागे फेकले जाता. सुविधा शुल्क अन् कर शेवटच्या पानावर जोडतात, म्हणून पाहिलेली किंमत आणि खात्यातून जाणारी रक्कम वेगळी असते. व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर ‘एक्स्ट्रा आहे’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. एकच क्यूआर तो पाच-सहा जणांना विकतो. जो पहिला दारावर स्कॅन करतो तो आत, बाकीचे बाहेर.

पैसे न घालता पाहायचं असेल तर नागपूरला हिवाळ्यात खासदार सांस्कृतिक महोत्सव असतो, ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर, क्रीडा चौकाजवळ. प्रवेश मोफत असतो, पण पास लागतात आणि नामांकित गायकाच्या दिवशी गर्दी तुफान असते. आईंना न्यायचं असेल तर त्या महोत्सवातला एखादा शांत दिवस निवडा.

घाटवळण (परतवाडा)

दोन्ही एकाच फेरीत उरकू नका, माझं स्पष्ट मत. दहाला कार्यक्रम सुटला तरी गाडी पार्किंगमधून निघायला तासभर जातो. नागपूर ते अमरावती साधारण १५५ किलोमीटर, तिथून दर्यापूर अजून ५०. मध्यरात्रीनंतर झोपेच्या भरात गाडी चालवणं अन् दुसऱ्याच दिवशी तोच माणूस घाटाला लावणं, यात धोका आहे. नागपूरला एक रात्र मुक्काम, परत घरी, मग आठवड्याभराने चिखलदरा. चिखलदऱ्याला तुम्हाला अमरावतीवरून जायची गरजच नाही: दर्यापूर–अंजनगाव सुर्जी–परतवाडा, मग घाट.

आधी गाडीच्या जागा मोजा. भाड्याच्या अर्टिगात ड्रायव्हर धरून सात जागा आहेत, तुम्ही सात आणि तो आठवा. लेकरू मांडीवर घेऊन घाट चढू नका, ब्रेक लागला की ते पुढे फेकले जाते. आठ जागांची इनोव्हा घ्या नाहीतर भावाने स्वतः चालवावं. भाड्याची घेतली तर पिवळ्या पाटीचीच घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मागच्या बाकावर मोठी मुलगी अन् भाऊ बसू द्या. आई अन् लहाने मधल्या रांगेत.

परतवाड्यातच टाकी भरा, हवा तपासा. भरलेल्या गाडीला किती हवा लागते ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर वेगळं लिहिलेलं असते, रिकाम्या गाडीचा आकडा वापरू नका. वर जायला दोन रस्ते आहेत, एक घटांगवरून, दुसरा धामणगाव गढी–मोथ्यावरून. कोणता बरा ते त्या आठवड्यात परतवाड्याच्या स्टँडवर विचारा, पावसाळ्यानंतर डागडुजी कुठे ना कुठे चालूच असते. मोथ्याकडे स्ट्रॉबेरीची शेती आहे, हंगाम असेल तर थांबण्यासारखं.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. दुसऱ्या गिअरला इंजिन गाडी रोखून धरते. न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा मोह करू नका, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की आधी जळका वास येतो, मग पेडल खोल जाऊ लागते. तेवढ्यात सुरक्षित जागा पाहून थांबा, पंधरा-वीस मिनिटे तसंच निवू द्या, तापल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. अरुंद जागी समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, नियमच आहे. डिसेंबरला धुकं पावसाळ्याइतकं नसते, पण सकाळी सापडलंच तर डिपर खालीच ठेवा. वरचा दिवा धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

लालपरी (अकोला)

एसटीचं थोडक्यात. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तुमच्या घरच्या चौघी अर्ध्यात. पाच वर्षांखालचा पुतण्या मोफत. म्हणजे सात जणांची मिळून चार पूर्ण तिकिटे. आईंचं आधारकार्ड सोबत ठेवा. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही अर्धीच सवलत आहे, पण दोन्ही सवलती एकावर एक लागत नाहीत. खर्चात एसटीला तोड नाही. मात्र वर गेल्यावर पॉइंटवरून पॉइंटवर फिरायला तिथलं वाहन ठरवावंच लागते, आणि गुडघ्यांचा त्रास असताना स्टँडवर बसची वाट पाहत बसणं किती झेपेल ते तुम्हीच ठरवा.

रानवाट (धारणी)

दादा, कॉटेजचं मी सांगते. चिखलदऱ्याला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, खासगी रिसॉर्टही बरेच आहेत. सेमाडोह, कोलकास इथे वनविभागाच्या खोल्या आहेत, त्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून ठरतात. खासगी ठिकाण असेल तर आगाऊ पैसे टाकायच्या आधी व्हिडिओ कॉल लावून खोली दाखवायला सांगा. ज्याची खोली खरी आहे तो दोन मिनिटांत दाखवतो.

विचारायचं ते असं. खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत अन् गाडी दारापर्यंत येते का. संडास कमोडचा आहे का, शेजारी धरायला दांडी आहे का. ड्रायव्हर कुठे झोपणार. गरम पाणी कशावर आहे? सौर असेल तर सकाळी पाचला कोमट, आठ-नऊनंतर बरं. बंबावर असेल तर आदल्या रात्री वेळ सांगून ठेवा. माणशी किती ब्लँकेट मिळतात? डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, अन् लाकडी भिंतींच्या फटीतून वारा शिरतो. घरून आईंची स्वतःची दुलई आणि कानटोपी घ्याच. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरच्या वर आहे, दर्यापूरच्या थंडीवर अंदाज बांधू नका.

हीटर देतो म्हणाले तर खोलीत जाड तीन पिनांचा, १६ अ‍ॅम्पिअरचा सॉकेट आहे का ते पाहा. २,००० वॅटचा हीटर जवळपास ९ अ‍ॅम्पिअर ओढतो. लहान ६ अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटमध्ये अडॅप्टर खोचून लावला की प्लॅस्टिक वितळते, अन् इथे भिंत लाकडाची आहे. लाइट गेली तर साध्या इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, हीटर-गिझर नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: कोळशाची शेगडी खोलीत ठेवून झोपू नका. दार-खिडक्या बंद असल्या की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, धूर नाही. डोकं जड होते, झोप येते, अन् माणूस उठत नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचंही तेच. शेकोटी करायची ती बाहेर, मालकाने नेमलेल्या जागी, आणि झोपण्यापूर्वी पाणी टाकून पूर्ण विझवायची.

फिरण्याचं: आईंना पंचबोल पॉइंट दाखवा, तिथे हाक दिली की दरीतून पुन्हा पुन्हा परत येते, लेकरूही खूश होते. देवी पॉइंटला पायऱ्या उतराव्या लागतात, त्या दिवशी गुडघे कसे आहेत ते पाहून ठरवा. गाविलगड मुलींना जरूर दाखवा. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी तो लढून घेतला; पण आत चालणं बरंच आहे, आईंना गाडीतच किंवा खोलीवर बसू द्या. माकडांसमोर पिशवी उघडू नका. अंधार पडल्यावर आवाराबाहेर पायी जाऊ नका, या जंगलात अस्वल आहे, बिबट आहे.

खारपाणपट्टा (दर्यापूर तालुका)

खूप मोठी मदत झाली सगळ्यांची. मग दोन वेगळ्या फेऱ्याच करतो. अजून दोन शंका: मोठी मुलगी घाटात उलट्या करते, तिला काय द्यावं? अन् मैदानात कोणी हरवलं तर फोन लागतो का?

परिचारिका (अचलपूर)

उलटीची गोळी वळणे सुरू झाल्यावर दिली तर उपयोग नाही. निघण्याच्या किमान एक तास आधी घ्यावी लागते. तिने झोप येते. मात्रा डॉक्टरांना वय सांगूनच ठरवा, लहान्याला स्वतःच्या मनाने देऊ नका. मोठीला मागच्या बाकावर नको, पुढच्या सीटवर बसवा, लांबच्या डोंगराकडे पाहायला सांगा, मोबाइल हातात देऊ नका. सकाळी रिकाम्या पोटी निघू नका, पण कचोरी-समोसाही नको. पोळी अन् केळं पुरे.

गवताचंही सांगते. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची मोठी साथ आली होती. तो गवतातल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावून होतो. पावसाळ्यानंतरच्या दिवसांत याचा जोर जास्त असतो, पण डिसेंबरमध्येही लेकराला उघड्या गवतावर लोळू देऊ नका, सतरंजी टाका, पायजमा-मोजे घाला. परत आल्यावर आंघोळ अन् कपडे बदलणं. फिरून आल्यावर पंधरा दिवसांत ताप आला, अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना चिखलदऱ्याला गेलो होतो हे आवर्जून सांगा, त्यावर औषध लवकर मिळालं की लागू पडते.

मांडव आणि माईक (अमरावती)

हजारो माणसे एकाच टॉवरवर आल्यावर फोन लागत नाही, मेसेजसुद्धा अडकतो. म्हणून तिकिटे घरूनच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा आणि दोघांच्या फोनमध्ये ठेवा. क्यूआर सारखा बदलणारा असेल तर स्क्रीनशॉट चालत नाही, अ‍ॅपमधूनच दाखवावा लागतो, ते तिकिटाच्या सूचनांत वाचा. आत शिरताच एक ठिकाण ठरवा: मंच सोडून कुठलंही, उंच आणि न हलणारं, जसं पाण्याच्या टाकीचा खांब किंवा प्रथमोपचाराचा तंबू. चुकामूक झाली की शोधत फिरायचं नाही, तिथे येऊन थांबायचं. पुतण्याच्या मनगटावर बॉलपेनने तुमचा अन् भावाचा, दोन्ही नंबर लिहा, वर पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामाने पुसत नाही. पॉवर बँक, पाण्याची बाटली, छत्री दारावर काढून घेतात, त्या गाडीतच ठेवा. आईंच्या गोळ्या मात्र चिठ्ठीसह सोबत असू द्या. शेवटचं गाणं सुरू होण्याआधी दहा मिनिटे आई, लहाना अन् एक मोठं माणूस दाराकडे निघू द्या. खरी रेटारेटी लाइट लागल्यावर दारातच होते. मेट्रोच्या भरवशावर राहू नका, शेवटची गाडी कार्यक्रम सुटायच्या आसपासच निघून जाते. मुक्काम मैदानापासून ऑटोने दहा मिनिटांच्या आत शोधा.