मोटरहोमच्या बाहेरच्या दिव्यांमागचा जुना सीलंट
मोटरहोमचा (आत राहायची सोय असलेल्या गाडीचा) दिवा बदलताना त्यामागचा जुना सीलंट, म्हणजे पाणी शिरू नये म्हणून फटीत भरलेला चिकट पदार्थ, पटाशीने खरवडून काढा असा सल्ला काही जण देतात, तो कृपया मानू नका. फायबरग्लासवरचा जेलकोट (वरचा चकचकीत संरक्षक थर) ओरखडला की गेलाच. प्लॅस्टिकचा स्क्रेपर घ्या आणि आधी सीलंट कोणता ते बघा. ब्यूटाइल (रबरासारखा चिकट सीलंट) असेल तर हेअर ड्रायरच्या उबेने मऊ पडतो, सावकाश सोलून निघतो. उरलेला चिकटा मिनरल स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रवाने) पुसा. सिलिकॉन मात्र उष्णतेला दाद देत नाही. त्याला सिलिकॉन रिमूव्हरच हवा, कारण न दिसणारा थर जरी राहिला तरी त्यावर नवं काही धड चिकटत नाही. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा. ॲसिटोन दिव्याच्या पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) काचेजवळही नेऊ नका, तडे जातात.

नवा दिवा बसवताना मागे ब्यूटाइल टेप लावा, वरून आणि दोन्ही बाजूंनी सीलंट द्या. खालची कड उघडीच ठेवा, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडेल.