कराटेची खरी वर्ल्ड चॅम्पियनशिप कुठली? कुणी इतिहास सांगेल का

विश्रामबागवाला (सांगली)
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, इथेच विश्रामबागला एका हॉलमध्ये कराटेला जाते, आता ब्राऊन बेल्ट. परवा क्लासच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पोस्टर आलं, इंटरनॅशनल ओपन कराटे चॅम्पियनशिप, खाली देशांचे झेंडे, एंट्री फी हजारात, राहायचं-खायचं वेगळं, ट्रॅकसूट त्यांच्याकडूनच घ्यायचा. सर म्हणतात वर्ल्ड लेव्हल आहे, चान्स सोडू नका. बायको म्हणते गेल्या वर्षी पण वर्ल्ड लेव्हलच होतं की, आणि ते कोल्हापूरला झालं. क्रिकेटचा वर्ल्डकप कळतो, कुस्तीचं पण कळतं, पण कराटेत वर्ल्ड चॅम्पियनशिप नक्की कशाला म्हणायचं, कधी सुरू झाली, भरवतं कोण, कायच कळंना. गूगल केलं तर जो तो वर्ल्ड फेडरेशन, आणि प्रत्येकाची आपली वेगळी वर्ल्ड चॅम्पियनशिप. जाणकारांनी जरा सांगा.

कंदीपेढा (सातारा)
दादा, गोंधळ तुमचा नाही, कराटेचाच आहे आणि तो पहिल्यापासून आहे. मी बरीच वर्षं खेळलो, आता पंचगिरी करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुळात कराटे ओकिनावाचं, फुनाकोशी गिचिननी १९२२ ला टोकियोत दाखवलं आणि तिथून मेन जपानात पसरलं. त्यांना स्पर्धा वगैरे पसंत नव्हती. १९५७ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी जपान कराटे असोसिएशनची पहिली ऑल जपान स्पर्धा झाली, कानाझावा हिरोकाझु हात मोडलेला असताना खेळून जिंकले, हा किस्सा कुठल्याही शोतोकान (फुनाकोशींची शैली) क्लासात ऐकायला मिळतो.

आंतरराष्ट्रीय म्हणाल तर १९७० धरा. ऑक्टोबरात टोकियोत वुको नावाची जागतिक संघटना झाली आणि लगेच पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप, ३३ देश. फक्त फाईट, एक वैयक्तिक आणि एक टीम, वजनगट नाहीत, काता (समोर कुणी नसताना एकट्याने ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या तो प्रकार) नाही, बायका नाहीत. दोन्ही जपानने नेलं, वैयक्तिकला वादा कोजी. सगळ्यांना वाटलं आता हे असंच चालणार. तर १९७२ ला पॅरिसमध्ये टीम फ्रान्सने मारली आणि वैयक्तिक ब्राझीलच्या लुईस वातानाबेने, १९७५ ला लाँग बीचला ब्रिटनने फायनलमध्ये जपानलाच हरवलं, आणि १९७७ ला टोकियोत, म्हणजे त्यांच्या घरात, दोन्ही फाईटचे किताब हॉलंडने उचलले. पुढे १९८२ ते १९९० सलग पाच वेळा टीम टायटल ब्रिटनकडे, कोच टिकी डोनोव्हन. जपानने शिकवलं आणि युरोपने पॉईंट कसे काढायचे ते शोधलं, असं माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

ही जी लाईन आहे ना, वुको, जिचं नव्वदच्या दशकात डब्ल्यूकेएफ (वर्ल्ड कराटे फेडरेशन) झालं, तीच ऑलिम्पिकवाल्यांनी मान्य केलेली. १९८५ ला वुकोला मान्यता, १९९९ ला डब्ल्यूकेएफला. साधारण दर दोन वर्षांनी भरते, कोविडमुळे २०२० ची दुबईची २०२१ ला गेली, मग २०२३ बुडापेस्ट, २०२५ कैरो.

मिरज_जंक्शन
सर फक्त एकच बाजू सांगताय. १९७५ चं पूर्ण सांगा की. त्या एका वर्षात तीन वर्ल्ड झाल्या राव. एक ही लाँग बीचची. तिथून हाकेच्या अंतरावर लॉस एंजेलिसला निशियामा हिदेताकांच्या आयएकेएफ या वेगळ्या संघटनेची दुसरी, तिथे तानाका मासाहिको चॅम्पियन. आणि तिसरी टोकियोत, मास ओयामांच्या क्योकुशिन या फुल कॉन्टॅक्ट शैलीची पहिली वर्ल्ड ओपन, सातो कात्सुआकी जिंकले. म्हणजे एका वर्षात तीन वर्ल्ड चॅम्पियन, आणि तिघं तीन वेगळ्या स्पर्धांचे. आपल्याकडे तालुक्याला दोन गट पडले की आपण नावं ठेवतो, हे तर जागतिक पातळीवर!

आणि खरी फाईट बघायची तर क्योकुशिन बघा. ग्लोव्हज नाहीत, चेहऱ्यावर बुक्की चालत नाही पण लाथ चालते, समोरचा पडेपर्यंत मारायचं, आणि बरोबरी झाली तर कुणी फळ्या जास्त फोडल्या त्यावर निकाल. तिथे जपानबाहेरचा पहिला विजेता यायला १९९९ उजाडलं, ब्राझीलचा फ्रान्सिस्को फिल्हो.

कंदीपेढा (सातारा)
मान्य, १९७५ चं बरोबर आहे, आणि ते दोन गट एक करा म्हणून ऑलिम्पिक समितीने पण वुको आणि निशियामांच्या मागे लागून बघितलं, जमलं नाही. पण 'खरी फाईट' हा वाद नको. डब्ल्यूकेएफमध्ये कंट्रोल हेच स्किल. डोक्याला लाथ ३ पॉईंट, पोटाला लाथ २, बुक्की १, आणि लाथ लागली पाहिजे पण फुटलं नाही पाहिजे. टोकियो ऑलिम्पिकचा हेवी गट आठवतोय का, सौदीचा हमेदी ४-१ ने पुढे होता, त्याने मारलेली लाथ इतकी जोरात बसली की इराणचा गंजजादेह मॅटवर बेशुद्ध. हमेदी डिसक्वालिफाय, आणि स्ट्रेचरवरून गेलेल्याला गोल्ड. तुमच्या क्योकुशिनात तो इप्पोन (एका फटक्यात पूर्ण विजय) देऊन चॅम्पियन केला असता, आमच्यात घरी पाठवला. मला विचाराल तर निर्णय नियमाने बरोबरच होता, पण हमेदीचा चेहरा बघवत नव्हता.

मिरज_जंक्शन
बघा म्हणजे, आम्ही तेच म्हणतोय 😄

इस्लामपूरची_ताई
भाऊ लोक, फाईटच्या पलीकडे काता पण असतो. आणि बायकांचं कुणी बोलतच नाहीये. दादा, तुमची मुलगी आहे म्हणून सांगते, बायकांना या वर्ल्डमध्ये यायला १९८० चं माद्रिद उजाडलं, वजनगट पण तिथूनच. आज पदकं पुरुष-महिला सारखीच.

कात्यात ओकिनावाचे साकुमोतो त्सुगुओ १९८४, ८६, ८८ असे सलग तीनदा चॅम्पियन, मग त्यांनीच घडवलेला कियुना र्यो २०१४, १६, १८ ला चॅम्पियन आणि टोकियो ऑलिम्पिकला गोल्ड, तेही टोकियोच्या बुदोकान हॉलमध्ये. पोडियमवर आईचा फोटो घेऊन उभा होता. महिलांमध्ये गोल्ड स्पेनच्या सँड्रा सांचेझला, तेव्हा ती चाळिशीला टेकलेली, ज्यांना वाटतं पोरगी दहावीला आली की खेळ बंद करायचा त्यांनी तिचा काता एकदा बघावा.

आता तुमच्या पोस्टरचं. माझा मुलगा अशाच एका 'इंटरनॅशनल'ला गेला होता, नाव घेत नाही. कराटेत तिसरा नंबर दोघांना देतात, म्हणजे एका गटात चार पोरं असली की चौघांना मेडल. तिथे आयोजकांनी वय, वजन, बेल्ट असे इतके बारीक गट पाडले होते की एकेका गटात तीन-चारच पोरं. पोरगं पहिलीच फाईट हरून ब्राँझ गळ्यात घालून आलं, आणि दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर, आंतरराष्ट्रीय पदकविजेता. मुलाला स्वतःलाच लाज वाटली, म्हणाला आई ते बॅनर काढायला सांग.

विश्रामबागवाला (सांगली)
ताई, अगदी हेच आमच्याकडे, गेल्या वर्षीचं ब्राँझ शोकेसमध्ये आहे 😅 मग खरी ओळखायची कशी? आणि या सर्टिफिकेटवर दहावीला मार्क मिळतात असं पण सर म्हणाले.

कंदीपेढा (सातारा)
ओळखायला सोप्पंय. डब्ल्यूकेएफच्या वर्ल्डला एंट्री देश पाठवतो, क्लास नाही, आणि एका गटात एका देशाचा एकच खेळाडू. तुमच्या पोस्टरवाल्या स्पर्धेत एकाच क्लासची पाच पोरं एका गटात असतील तर उत्तर मिळालंच. दुसरं, वय. ज्युनियर वर्ल्डमध्ये सगळ्यात खालचा गट कॅडेट, १४-१५ वर्षांचा. सातवीतली पोरगी त्यात बसतच नाही, त्यामुळे त्या पोस्टरवाल्या स्पर्धेला वर्ल्ड लेव्हल म्हणणारा माणूस एकतर माहिती नसलेला आहे नाहीतर फी घेणारा आहे. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनला तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाली ती भारताच्या टीममधून गेलेली, पोस्टर बघून फी भरून नाही.

मार्कांचं म्हणाल तर पैसे भरायच्या आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा की या स्पर्धेचं सर्टिफिकेट धरतात का, पोस्टर सोबत न्या. शालेय स्पर्धांमध्ये कराटे आहे, शाळेतून नाव पाठवा, जिल्हा, मग विभाग, मग राज्य, खर्च कमी आणि फाईट खरी मिळते. भारतात कराटेच्या राष्ट्रीय संघटनांची पण भांडणं चालू असतात, मान्यता येते-जाते, त्यामुळे दरवर्षी नव्याने चौकशी करायची.

मिरज_जंक्शन
आणि ऑलिम्पिकचं स्वप्न कुणी दाखवलं तर तेही ऐकून घ्या आणि सोडून द्या. टोकियोत आठ गोल्ड होती, पॅरिस २०२४ ला कराटेच काढून टाकलं, २०२८ लॉस एंजेलिसच्या यादीत क्रिकेट आलं, स्क्वॉश आला, कराटे नाही.

इस्लामपूरची_ताई
म्हणून खेळायचं सोडायचं का हो? पोरीला काता आवडतो का फाईट, ते आधी विचारा दादा. काता आवडत असेल तर मला मेसेज करा, आमच्याकडे रविवारी सकाळी एक मॅडम घेतात, फी विचारून सांगते.