कर्ज "सिस्टिम"नं मंजूर केलं म्हणजे नेमकं कोणी केलं? अमेरिकन गृहकर्जं आणि सॉफ्टवेअर पेटंट

(एका ऑनलाइन मंचावरचा प्रश्न आणि त्याची उत्तरं; प्रत्येक भागावर लिहिणाऱ्या सदस्याचं टोपणनाव आहे.)

सारीपाट (प्रश्न)

अमेरिकेतल्या 2007-08 च्या गृहकर्ज संकटाबद्दल दोन चर्चा नेहमी वेगवेगळ्या चालतात. मला त्या एकत्र हव्या आहेत.

पहिली: फिटणार नाहीत हे दिसत असताना कर्जं वाटली गेली, त्याचा दोष कोणाचा? घेणाऱ्याचा, दलालाचा, कंपनीचा, कर्जांचे गठ्ठे करून रोखे बांधणाऱ्या बँकेचा, की "सिस्टिमनं अप्रूव्ह केलं" असं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं त्या सॉफ्टवेअरचा? दुसरी: त्याच वर्षांत कर्जांची तुलना आणि मंजुरीच्या संगणकीय पद्धतींवर तिथे पेटंट दिली जात होती. पद्धत आमच्या मालकीची, असं पेटंटमध्ये म्हणायचं आणि निकाल चुकला की यंत्राकडे बोट दाखवायचं, हे कायद्यात बसतं का?

शिवाय एक व्यवहाराचा प्रश्न. आज तिथल्या कर्ज कंपनीसाठी मंजुरीचं सॉफ्टवेअर लिहायचं तर काय काय नोंदवून ठेवावं लागतं? आणि पेटंटची नोटीस आली तर आधी काय तपासायचं?

हप्तेगणित

दोष वाटण्याआधी एक कर्ज हातात घेऊन बघा. सबप्राइममधलं (पत कमी असलेल्यांना दिल्या जाणाऱ्या महागड्या कर्जांतलं) ठरलेलं कर्ज म्हणजे 2/28. पहिली 2 वर्षं व्याजदर स्थिर, उरलेली 28 वर्षं दर 6 महिन्यांनी बदलणारा. बदलाचं सूत्र करारातच छापलेलं असे: 6 महिन्यांचा लायबॉर (बँका एकमेकांना कर्ज देतात त्यावरून ठरणारा लंडनचा संदर्भ दर) अधिक कंपनीचं मार्जिन.

उदाहरणाला 2,00,000 डॉलर कर्ज, सुरुवातीचा दर 7.5 टक्के आणि मार्जिन 6 टक्के घेऊ. पहिला हप्ता 1,398 डॉलर. चोवीसही हप्ते वेळेवर भरले तरी मुद्दल जेमतेम 1,96,170 वर उतरतं. लायबॉर 5.3 टक्के असेल (2007 च्या मध्याला तो याच आसपास होता), तर सूत्रानं येणारा दर 11.3. पहिल्या बदलाला 3 टक्क्यांची मर्यादा असेल तर दर 10.5 होतो आणि हप्ता 1,814. त्यानंतर 6 महिन्यांनी दर 11.3 वर पोचतो, हप्ता 1,929. महिन्याचं ढोबळ उत्पन्न 3,600 डॉलर असलेल्या घरात हप्त्याचा वाटा 39 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर गेला. यात घराचा कर आणि विमा धरलेला नाही. पुष्कळ सबप्राइम कर्जांत ते हप्त्याबरोबर वसूलच होत नसत, म्हणून हप्ता दिसायला आणखी लहान दिसे.

बाहेर पडायची वाट म्हणजे दुसरं कर्ज काढून हे फेडणं. त्यावर मुदतपूर्व फेडीचा दंड असे. शिल्लक मुद्दलाच्या 80 टक्क्यांवर 6 महिन्यांचं व्याज, ही दंडाची एक रूढ पद्धत. वरच्या उदाहरणात, दर बदलायच्या तोंडावर बाहेर पडलं तरी सुमारे 5,900 डॉलर. काही करारांत हा दंड 3 वर्षं लागू असे, म्हणजे व्याजदर 2 वर्षांनी चढणार आणि दार 3 वर्षांनी उघडणार. मधलं एक वर्ष माणूस अडकलेला. घराची किंमत वाढत होती तोवर दंडही नव्या कर्जात मुरवता येई. 2006 मध्ये किमती थांबल्या आणि ती वाट बंद झाली.

आता सॉफ्टवेअरकडे या. पात्रता काढताना हप्ता कोणत्या दरानं मोजायचा, 7.5 की 11.3? प्रोग्राममध्ये हा एका व्हेरिएबलचा फरक आहे. सुरुवातीचा दर घातला तर 39 टक्के, मंजूर. सूत्राचा पूर्ण दर घातला तर 54 टक्के, नामंजूर. तिथे कोणता आकडा जाईल हे यंत्र ठरवत नाही. ते कंपनीच्या कर्ज धोरणात लिहिलेलं असतं आणि त्यावर कोणाची तरी सही असते. पूर्ण दरानं पात्रता तपासा, असं नियामकांनी सबप्राइम कर्जांबद्दल स्पष्ट लिहून दिलं ते जून 2007 मध्ये. तोवर न्यू सेंच्युरी ही मोठी सबप्राइम कंपनी दिवाळखोरीत गेलेली होती.

कलम_101

पेटंटच्या बाजूबद्दल. पेटंट म्हणजे इतरांना ती पद्धत वापरण्यापासून अडवण्याचा हक्क, एवढंच. ती पद्धत चांगली आहे, सुरक्षित आहे किंवा तिच्या निकालाची हमी घेतली आहे, असा त्याचा अर्थ नाही. त्यामुळे "मालकी सांगितली म्हणजे जबाबदारी घेतली" हा युक्तिवाद न्यायालयात टिकत नाही. उलट बाजूही तितकीच खरी: पेटंट असलेलं किंवा विकत आणलेलं सॉफ्टवेअर वापरलं म्हणून कर्ज देणाऱ्याची जबाबदारी कमी होत नाही.

अशा पेटंटांचं पेव फुटलं 1998 मधल्या स्टेट स्ट्रीट निकालानं. म्युच्युअल फंडांचा हिशेब ठेवणाऱ्या संगणकीय रचनेचं पेटंट फेडरल सर्किट या पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयानं उचलून धरलं आणि व्यवसायाच्या पद्धतींवर अर्जांची रीघ लागली. 2010 मध्ये बिल्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जोखीम-संरक्षणाच्या पद्धतीला पेटंट नाकारलं. मग 19 जून 2014 चा अॅलिस निकाल. व्यवहारातल्या दोन पक्षांमध्ये तिसऱ्यानं मध्यस्थ राहायचं, ही जुनी कल्पना संगणकावर चालवली म्हणून ती शोध ठरत नाही, असं सर्व 9 न्यायाधीशांचं मत पडलं. तेव्हापासून कसोटी दोन पायऱ्यांची आहे: दावा (पेटंटमध्ये ज्यावर हक्क सांगितला आहे तो मजकूर) अमूर्त कल्पनेवर आहे का, आणि असेल तर सर्वसाधारण संगणकापलीकडे त्यात काही वेगळी भर आहे का.

या धाग्याशी थेट जोडलेला खटला म्हणजे मॉर्गेज ग्रेडर, फेडरल सर्किट, 2016. कर्जदारानं आपली माहिती सर्व्हरला द्यायची, सर्व्हरनं त्याची पत ठरवायची आणि ओळख उघड न करता वेगवेगळ्या कंपन्यांची कर्जं समोर ठेवायची, असा तो दावा होता. दलाल ग्राहकाला महागड्या कर्जाकडे वळवतो, हाच रोग त्यात ओळखला होता. हेतू चांगला असूनही पेटंट पडलं, कारण या सगळ्या पायऱ्या माणूस कागदावर करू शकतो आणि इंटरफेस, नेटवर्क, डेटाबेस ही सगळी नेहमीची साधनं. त्याच वर्षी लेंडिंगट्री या कंपनीची कर्ज-जुळणीची पेटंटही झिलो या कंपनीविरुद्धच्या खटल्यात याच कसोटीवर पडली. मला दोन्ही निकाल योग्य वाटतात. ग्राहकाला कर्जांची तुलना करता यावी, ही गोष्ट 20 वर्षं एकाच्या ताब्यात ठेवायची नसते.

नोटीस आली तर घाईनं उत्तर पाठवू नका आणि संबंधित कोड, ईमेल, आराखडे काहीही पुसू नका. पेटंट कार्यालयाच्या नोंदीत आजचा मालक कोण ते बघा. मुदत मूळ अर्जापासून 20 वर्षं असते, पण 3.5, 7.5 आणि 11.5 वर्षांची, पेटंट चालू ठेवण्याची शुल्कं भरली आहेत का ते तपासा. न भरल्यानं मेलेली पेटंट बरीच सापडतात. मग स्वतंत्र दावे (दुसऱ्या दाव्यावर न टेकलेले) घेऊन एकेक घटक आपल्या सिस्टिमशी ताडा. एक घटक जरी नसला तरी त्या दाव्याचं शब्दशः उल्लंघन होत नाही. नुकसानभरपाई मागे 6 वर्षांपर्यंतच मागता येते.

एक ठिकाण नीट समजून घ्या. आर्थिक पद्धतींच्या पेटंटला कार्यालयातच आव्हान देण्याची खास सोय 2012 मध्ये सुरू झाली आणि 16 सप्टेंबर 2020 ला संपली. त्यात अॅलिसचा मुद्दा मांडता येई. आता उरलेल्या आयपीआर प्रक्रियेत (दिलेल्या पेटंटची कार्यालयातच होणारी फेरतपासणी) फक्त जुनी पेटंट आणि छापील साहित्य यांच्या आधारावर लढता येतं, आणि खटल्याची नोटीस बजावल्यापासून 1 वर्षात अर्ज करावा लागतो. अॅलिसचा मुद्दा बहुतेक वेळा जिल्हा न्यायालयातच मांडावा लागतो. 2018 च्या बर्कहायमर निकालापासून "ही पद्धत तेव्हा सर्रास वापरात होती" हे काही वेळा पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, म्हणून तारखा असलेले जुने दस्तऐवज आधीच गोळा करा.

दुसरीबाजू

हप्तेगणित, हिशेब पटला, पण तो करारात छापलेलाच होता हे तुम्हीच लिहिलंत. सही करणाऱ्यानं तो वाचायला हवा होता. कागदपत्रांशिवाय "सांगितलेल्या उत्पन्ना"वर कर्ज मिळायचं तेव्हा खोटा आकडा सांगणारे कर्जदारही होतेच. शिवाय सरकार कुठे गेलं? फॅनी मे आणि फ्रेडी मॅकनं (गृहकर्जं विकत घेणाऱ्या, सरकारी आधाराच्या दोन कंपन्या) कमी-मध्यम उत्पन्न गटाचा ठरावीक वाटा उचललाच पाहिजे, ही उद्दिष्टं 1992 च्या कायद्यातली. तो वाटा 2001 मध्ये 50 टक्के होता, 2008 साठी 56 टक्के ठरला. वरून दाब असेल तर खालचा माणूस निकष सैल करणारच.

हप्तेगणित

कर्जदाराचा वाटा मी शून्य धरत नाही. उत्पन्न खोटं लिहिणारा दोषी आहेच. पण अर्ज भरणारा हात पुष्कळदा दलालाचा असे, आणि दलालाचा मोबदला कसा ठरायचा ते पाहा. कर्जदार ज्या दराला पात्र आहे त्यापेक्षा चढ्या दरानं कर्ज गळ्यात मारलं तर कंपनी दलालाला वरचा मोबदला देई. 2,00,000 वर 2 टक्के म्हणजे 4,000 डॉलर. ही पद्धत एप्रिल 2011 पासून बंद झाली.

सरकारी उद्दिष्टांचा मुद्दा तपासला गेला आहे. संकटाची चौकशी करणाऱ्या आयोगानं जानेवारी 2011 मध्ये अहवाल दिला. आयोगात मतभेद होते आणि तुमच्या बाजूची भिन्नमतपत्रिका त्यातच जोडलेली आहे. पण बहुमताला तो मुद्दा पटला नाही. बँकांनी आपल्या भागातल्या कमी उत्पन्नाच्या वस्त्यांनाही कर्ज द्यावं असं सांगणाऱ्या 1977 च्या समुदाय पुनर्गुंतवणूक कायद्यालाही असाच दोष दिला जाई, आणि त्या कायद्याशी संबंध असलेली महागडी कर्जं फक्त 6 टक्के निघाली.

त्याच अहवालातली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. बँका रोखे बांधण्याआधी कर्जांचे नमुने क्लेटन होल्डिंग्जकडून तपासून घेत. जानेवारी 2006 ते जून 2007 मध्ये क्लेटननं 9,11,039 कर्जं पाहिली. त्यांतली 28 टक्के निकषात बसत नव्हती आणि तोल सांभाळणारं दुसरं काही कारणही त्यांत नव्हतं. या नापास कर्जांपैकी 39 टक्के कर्जं बँकांनी निकषांतून सूट देऊन तरीही घेतली. म्हणजे तपासणीनं "नाही" म्हटलं होतं, आणि त्या "नाही"वर माणसानं "हो" लिहिलं. नमुन्यात एवढी नापास निघाली तर न तपासलेल्या गठ्ठ्यात काय असेल, हे विचारून थांबणं हे बँकेचं काम होतं. ते कर्जदाराच्या हातात नव्हतं.

नोंदवही

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी. वरचं सगळं वाचल्यावर काय नोंदवायचं ते आपोआप कळतं: आकडा कुठून आला आणि तो कोणी बदलला.

10 जानेवारी 2014 पासून कर्ज देणाऱ्यानं परतफेडीची क्षमता तपासलीच पाहिजे असा नियम आहे. त्यात उत्पन्न किंवा मालमत्ता, नोकरी, या कर्जाचा हप्ता, त्याच घरावरचं सोबतचं दुसरं कर्ज, कर-विमा, इतर देणी, उत्पन्न-देणी गुणोत्तर आणि पत-इतिहास या 8 बाबी पाहाव्या लागतात. उत्पन्न तिसऱ्याच्या कागदानं पडताळावं लागतं आणि हप्ता सूत्राचा पूर्ण दर किंवा सुरुवातीचा दर यांतल्या मोठ्यानं मोजावा लागतो. वर सांगितलेलं ते व्हेरिएबल आता कायद्यानं ठरवलं आहे.

"पात्र कर्जा"साठी (क्षमतेचा नियम पाळला असं कायदा ज्याबद्दल धरून चालतो ते कर्ज) उत्पन्न-देणी गुणोत्तराची 43 टक्क्यांची मर्यादा डोक्यात असेल तर ती जुनी झाली. 1 ऑक्टोबर 2022 पासून सर्वसाधारण वर्गात कसोटी किमतीची आहे: कर्जाचा एपीआर (शुल्कं धरून येणारा वार्षिक दर) बाजाराच्या संदर्भ दरापेक्षा किती वर आहे ते बघतात. पहिल्या 5 वर्षांत दर बदलू शकत असेल, तर त्या काळातला सर्वांत चढा दर पूर्ण मुदतीला धरून एपीआर काढायचा. प्रोग्राममध्ये ही ओळ हमखास सुटते, आणि 2/28 सारखी कर्जं नेमकी तिथूनच आत शिरतील.

प्रत्येक अर्जाची प्रत्येक फेरी वेगळी साठवा, जुनीवर नवी लिहू नका. समजा उत्पन्न 3,600 टाकून नकार आला आणि 20 मिनिटांनी तोच अर्ज 4,700 नं आला. 1,929 चा हप्ता आता 41 टक्क्यांवर दिसतो आणि हिरवा दिवा लागतो. फक्त शेवटची फेरी साठवली असेल तर हा बदल कुणालाच कधी दिसणार नाही. म्हणून आधीचा आकडा, नवा आकडा, वेळ, वापरकर्ता आणि त्यामागचा कागद, हे सगळं हवं. ओव्हरराइडला (यंत्राचा निकाल माणसानं बदलण्याला) नाव आणि कारण सक्तीचं करा. कारणाच्या यादीत "इतर" ठेवलंत तर महिन्याभरात सगळेच "इतर" निवडतील. मॉडेलची आवृत्ती, नियमांची आवृत्ती आणि त्या दिवशीचा संदर्भ दरही त्याच नोंदीत जोडा.

नकार दिला तर पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत कळवावं लागतं आणि नेमकी मुख्य कारणं द्यावी लागतात. मॉडेल गुंतागुंतीचं आहे, कारण सांगता येत नाही, ही सबब चालणार नाही असं ग्राहक वित्त संरक्षण ब्यूरोनं मे 2022 च्या परिपत्रकात लिहिलं होतं. अर्जाच्या नोंदी 25 महिने, परतफेडीच्या क्षमतेचे पुरावे 3 वर्षं, ही किमान मुदत. मी कर्ज संपेपर्यंत ठेवा म्हणेन, कारण घरजप्तीच्या कारवाईत कर्जदार "माझी क्षमता तपासलीच नव्हती" हा बचाव 3 वर्षांनंतरही घेऊ शकतो, आणि तोही कर्ज विकत घेतलेल्या नव्या मालकाविरुद्ध.

सारीपाट

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. म्हणजे कर्ज पुढे विकून हात झटकता येत नाहीत. मग सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर काय येतं?

नोंदवही

या नियमाखाली कर्जदाराला उत्तर देणारा कर्ज देणारा, आणि पुढे कर्ज विकत घेणारा. सॉफ्टवेअर कंपनीवर जे येतं ते मुख्यतः करारातून. दोन कलमं नीट वाचा. एक, चुकीच्या गणनेची भरपाई कोणत्या रकमेपर्यंत. दुसरं, निकष कोण भरतं. निकष ग्राहक कंपनी भरत असेल तर प्रत्येक बदल कोणाच्या लॉगिननं झाला, तो लॉग दोघांकडेही राहील असं करारात लिहून घ्या. आणि पूर्ण दराची ती तपासणी सेटिंगमधून बंद करता येईल असा पर्यायच देऊ नका, ग्राहकानं मागितला तरी.