जामीन राहिलो, आता कोर्टाची नोटीस आलीये, मदत हवी आहे (अर्जंट)

माळरान:
एकाला जामीन राहिलो होतो, तो तारखांना जात नाहीये, फोन बंद. आता मलाच नोटीस आलीये की बाँड फोरफीट (जप्त) झालाय, रक्कम का वसूल करू नये ते सांगा. सातबारा लावला होता. जमीन जाते का? आत टाकतात का? पटकन सांगा, लेक्चर नको.

खारीचावाटा:
बाँड कितीचा? मॅजिस्ट्रेट की सेशन्स? त्याच्यावर वॉरंट निघालंय का? आणि "एकाला" म्हणजे कोणाला?

सुपारीफुटली:
म्हणून मी सख्ख्या भावालाही जामीन राहत नाही.

माळरान:
वा, फार मदत झाली. २५ हजार, मॅजिस्ट्रेट, मारामारीची केस. वॉरंटचं माहीत नाही.

वसुलीग्रस्त:
मी मित्राच्या कर्जाला जामीनदार होतो, हप्ते त्याने थकवले आणि सिबिल माझं झोपलं. आधी बँकेला पत्र द्या.

खारीचावाटा:
अहो ही फौजदारी केस आहे, बँक कुठून आली?

जुनाकाळाकोट:
सहा महिने सिव्हिल जेल होऊ शकते, कलम ४४६. हलक्यात घेऊ नका.

बेंचक्लार्क_निवृत्त:
काळाकोट, अर्धं सांगून माणसाला घाबरवू नका. आणि ते ४४६ जुन्या सीआरपीसीचं, १ जुलै २०२४ पासून त्याजागी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) आहे, तिथे ते ४९१. जेल कधी, तर दंड (म्हणजे बाँडची रक्कम) भरला नाही आणि वसूलही होत नाही तेव्हा. जमीन असलेल्याकडून वसुली होतेच, त्यामुळे आधी जप्तीची भीती. पण तीही २५ हजारांपुरती, सगळं रान कोणी नेत नाही. माळरान, नोटीशीला लेखी उत्तर द्या, तुम्ही त्याला शोधायला काय केलं ते लिहा, आणि जमलं तर त्यालाच हजर करा. तो आला की कोर्ट बरेचदा रक्कम कमी करतं, कारणं नोंदवून थोडी माफ करायचा अधिकार आहेच. ऑर्डर विरोधात गेली तर मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरवर सेशन्सला अपील.

जुनाकाळाकोट:
"बरेचदा" वर विसंबू नका. आमच्याकडे एकाला पूर्ण भरायला लावले. आधीच जामिनातून मोकळं करा असा अर्ज द्यायला हवा होता.

बेंचक्लार्क_निवृत्त:
तो अर्ज केला की कोर्ट आरोपीवर वॉरंट काढतं आणि तो आल्यावर जामीनदार सुटतो, बरोबर. पण बाँड फोरफीट झाल्यावर त्याने ही रक्कम टळत नाही. आत्ता त्याचा काय उपयोग?

सुपारीफुटली:
कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारे असतात ना, ते कसे सुटतात मग?

खारीचावाटा:
त्याचा वेगळा धागा काढा. माळरान, नोटीशीत तारीख कधीची आहे?

माळरान:
उद्याची. आणि तो मेव्हणा आहे, म्हणून घरात काही बोलता येत नाही, बायको म्हणते तो येईल. त्याचाच वकील माझंही बघेल म्हणतोय, चालेल ना?

बेंचक्लार्क_निवृत्त:
उद्या!! हे पहिल्या ओळीत लिहायचं. तो वकील नको, मेव्हण्याचा फायदा वेगळा, तुमचा वेगळा. सकाळी स्वतः हजर राहा, दुसरा वकील गाठा, नाही मिळाला तर विधी सेवा समितीत विचारा किंवा स्वतःच मुदतीचा अर्ज द्या. आणि मेव्हणा कुठेय ते बायकोला आज रात्रीच विचारा, त्यांना माहीत असणार.

माळरान:
विचारतो. भांडण होणार.

वसुलीग्रस्त:
सिबिल तरी एकदा चेक करून घ्या.