नाताळात सजलेल्या बारमधील एक संध्याकाळ : अनुभव धागा

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाचा आठवडा सरला की अमेरिकेतील मोठ्या शहरांमधले काही बार महिनाभरासाठी आपले रूपच पालटून टाकतात. छतापासून जमिनीपर्यंत चकचकीत कागद, दिव्यांच्या माळा, उलटी टांगलेली झाडे, जुनी खेळणी, आणि पेयांची यादीसुद्धा तेवढ्या महिन्यापुरती निराळी. सजावट पूर्वीही होत असे, पण संपूर्ण बारच नाताळचा करून टाकण्याच्या प्रकाराला आजचे स्वरूप आले ते २०१४ साली. न्यू यॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये ग्रेग बोम यांच्या ‘मेस’ या बारचे काम तेव्हा अर्धवट होते. ते पुरे होईपर्यंत थांबण्यापेक्षा आहे त्या जागेतच नाताळची सजावट करून बार उघडावा, असे त्यांच्या आईने सुचवले आणि त्यांनी ते ऐकले. ‘मिरॅकल ऑन नाइन्थ स्ट्रीट’ असे सुरू झाले. आज ‘मिरॅकल’ या नावाने शंभराहून अधिक ठिकाणी असे बार हंगामापुरते उघडतात. जागा आणि माणसे स्थानिक बारमालकाची असतात. पेयांच्या कृती, पेले आणि सजावटीची कल्पना मूळ मंडळींची.

मी त्या मूळ जागी २०१८च्या डिसेंबरमध्ये गेलो होतो. जर्सी सिटीहून ‘पाथ’ या लोकल गाडीने नवव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरलो आणि तेथून सरळ पूर्वेकडे, जवळजवळ अव्हेन्यू सीपर्यंत, कान झाकून चालत राहिलो. मंगळवार असूनही चाळीस मिनिटे रांगेत उभे राहावे लागले. दार उघडले तेव्हा दालचिनीचा वास आणि उबदार हवा एकदमच अंगावर आली, आणि चष्म्यावर वाफ धरल्यामुळे पहिले काही क्षण मला फक्त लाल-हिरव्या ठिपक्यांचा एक पडदा दिसत होता. लहानपणी पाऊस चुकवत गणपतीच्या मंडपात शिरताना जे वाटायचे, नेमके तेच वाटले. मी ‘ख्रिसमापॉलिटन’ मागवले. व्होडका, मसाले घातलेली क्रॅनबेरी आणि वर रोझमेरीची एक काडी; पेला तोंडाशी नेला की आधी त्या काडीचा पाइनच्या जंगलासारखा वास येतो आणि मग आंबटगोड चव.

शेजारच्या खुर्चीवर इस्पितळाच्या गणवेशातली एक परिचारिका बसली होती. चोवीस तारखेची रात्रपाळी तिच्याकडे होती, म्हणून तिचा नाताळ त्या मंगळवारीच होता, असे तिने मला सांगितले. मी त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कार्यालयाच्या बैठकीत बसलो होतो आणि आमच्या मंडळाची दिवाळी नंतरच्या शनिवारी झाली होती. सण त्याच्या दिवशी साजरा करता येत नाही तेव्हा माणसाला एखादी सजवलेली जागा आणि थोडी गर्दी लागते, हे मला तिच्यामुळे कळले. तेव्हापासून मी दर वर्षी एकदा तरी अशा बारमध्ये जातो.

आपल्यापैकी जे कोणी गेले असतील, त्यांनी वर आपल्या गावाचे नाव देऊन आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, ही विनंती. काय प्यालात, किंवा काहीच प्यायला नाहीत तरी का गेलात, कोणाबरोबर गेलात, काय खटकले, हे सारे वाचायला आवडेल.

एडिसन, न्यू जर्सी

मी मद्य घेत नाही आणि गटात गाडी चालवण्याची जबाबदारी नेहमी माझ्याकडेच असते, तरीही या विषयावर लिहावे असे वाटले, कारण माझा अनुभव माझ्या आईबरोबरचा आहे. ती सांगलीहून आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात तिने बारची पायरी चढली नव्हती, आणि तिला तेथे न्यावे की नाही यावर आम्हा नवराबायकोत दोन दिवस चर्चा झाली. शेवटी तिनेच विचारले की, “तिथे दिवे बघायला मिळणार असतील तर मला का नेत नाही?”

दारावरच्या तरुणाने तिच्याकडे ओळखपत्र मागितले. येथे एकवीस वर्षांखालील व्यक्तीला मद्य देता येत नाही आणि अनेक बार गर्दीच्या महिन्यात वयाकडे न पाहता सरसकट प्रत्येकाचे ओळखपत्र तपासतात; मला ते ठाऊक असूनही तिचा पासपोर्ट मी गाडीतच ठेवला होता. तो आणायला मी धावत गेलो. ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे, कारण त्या थंडीत आईला पंधरा मिनिटे बाहेर उभे राहावे लागले.

आत गेल्यावर तिने आधी छत पाहिले. चेंडूएवढे काचेचे शेकडो गोळे वर टांगलेले होते. ती बराच वेळ मान वर करून पाहत राहिली आणि मग मला म्हणाली, “त्याला विचार, हे सगळे रोज पुसते कोण?” मी विचारले. बारमागच्या माणसाने हातातले काम थांबवले आणि सांगितले की दर सोमवारी सकाळी दोघेजण शिडीवर चढून पिसांच्या कुंच्याने ते झटकतात. उत्तर ऐकून आईला जे समाधान झाले, ते मला कोणत्याही पेयाने झाले नसते. तिच्यासाठी आम्ही गरम साइडर घेतले. अमेरिकेत साइडर म्हणजे बहुधा सफरचंदाचा गढूळसर, न आंबवलेला रस असतो. ब्रिटनमध्ये त्याच नावाने मद्य मिळते, म्हणून विचारून घेणे बरे. लवंग-दालचिनी घालून उकळलेला तो रस तिला काढ्यासारखा वाटला. तिने दोन पेले घेतले.

वसई, सध्या न्यू जर्सी

मी वसईची कॅथलिक आहे. नाताळ माझ्या घरचा सण आहे, त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा असणे साहजिक आहे. पहिल्यांदा अशा बारमध्ये गेले तेव्हा मला वाईट वाटले, हे मी लपवत नाही. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे अंगणात गोठा उभारणे, बांबूच्या काड्यांचा तारा बांधून त्यावर कागद चिकटवणे, कुलकुले वळायला सगळ्या बायका एकत्र बसणे आणि चोवीसच्या रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. येथे भिंतभर सांताक्लॉज होते, बर्फ होते, हरणे होती. गोठा मात्र कोठेही नव्हता. ज्याचा जन्मदिवस, तोच दिसत नव्हता. मी पेला अर्धवट ठेवून निघाले.

पुढच्या वर्षी मैत्रिणीने आग्रहाने पुन्हा नेले. त्या वेळी मी गरम रमचे एक पेय मागवले, लोणी, साखर आणि जायफळ घातलेले. पहिल्याच घोटाला मला माझ्या आजीचे स्वयंपाकघर आठवले. आमच्या भागातील ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणाऱ्या, तिकडच्याच मूळ कॅथलिक घरांमध्ये लग्नाला, बारशाला आणि थंडीत ‘खिमाड’ करतात. देशी दारू, साखर आणि गरम मसाल्याचे ते ऊन पेय असते. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी थंडीसाठी एकच उपाय शोधला होता. तेव्हापासून मी त्या सजावटीत माझा सण शोधत नाही. तो मी आमच्या चर्चमध्ये साजरा करते आणि बारमध्ये ऊब घ्यायला जाते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यापासून मला तेथे मनापासून आनंद मिळतो.

मिलवॉकी, विस्कॉन्सिन

आमच्या राज्यात असे खास सजवलेले बार आहेतच, पण ज्यांना जुनी गोष्ट चाखायची असेल त्यांनी एखाद्या साध्या शेजारच्या टॅव्हर्नमध्ये जाऊन ‘टॉम अँड जेरी’ मागावे. नावाचा कार्टूनशी काही संबंध नाही. कार्टून १९४०चे, पेय एकोणिसाव्या शतकातले, आणि जेरी थॉमस या अमेरिकी बारटेंडरच्या १८६२ सालच्या पुस्तकात त्याची कृती छापलेली आहे. अंड्यांचा पांढरा आणि पिवळा भाग वेगवेगळा फेटतात, साखर आणि मसाले घालून एकत्र करतात, त्याचा मोठा चमचाभर फेस कपात घालून वर रम आणि ब्रँडी, मग कढत दूध किंवा पाणी. फेस हळूहळू वर येऊन कपाच्या कडेला टेकतो आणि त्यावर जायफळ किसतात. येथे डिसेंबरमध्ये हा फेटलेला गोळा किराणा दुकानात डब्यातूनही मिळतो.

एक सावधगिरीची सूचना. दूध, साखर आणि मसाला यांच्या आड मद्य अजिबात जाणवत नाही. मी पहिल्या वर्षी खिरीसारखे तीन कप घेतले आणि उठताना मला टेबल धरावे लागले. दोनवर थांबावे.

सिअ‍ॅटल

माझा अनुभव चांगला नाही, आणि तो इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहिते. बारचे नाव देत नाही. माझ्या पतीला बदामाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. आम्ही गेलो तेथे नाताळ आणि समुद्रकिनारा असा मेळ घातलेली टिकी पद्धतीची, म्हणजे दक्षिण समुद्रातील बेटांच्या धर्तीची, पेये होती. मागवताना आम्ही सुकामेव्याबद्दल विचारले आणि “यात काही नाही” असे उत्तर मिळाले. त्या गोंगाटात समोरच्याला आमचा प्रश्न पुरता ऐकू गेला नसावा. पेयात ‘ऑर्जा’ होते. हे बदामाचे सरबत असते, आणि टिकी पेयांमध्ये ते फार सर्रास वापरतात, हे आम्हाला त्या रात्री इस्पितळात कळले. इंजेक्शन जवळ होते म्हणून निभावले.

अशा बारमध्ये अंडे, दूध, सुकामेवा यांचा वापर नेहमीच्या बारपेक्षा कितीतरी अधिक असतो. आता आम्ही प्रश्न तोंडी विचारत नाही. फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवतो आणि प्रत्येक घटकाचे नाव विचारतो.

शिकागो

ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर, मनासारखी नोकरी लागेपर्यंत मी एक हंगाम अशाच एका बारमध्ये काम केले. पलीकडच्या बाजूने काय दिसते, ते सांगतो.

बार संध्याकाळी पाचला उघडत असे, पण आम्ही एक वाजताच येत असू. लिंबे पिळायची, पेयांचे मिश्रण आधीच मापून बाटल्यांमध्ये भरायचे, रोझमेरीच्या काड्या एका उंचीच्या कापायच्या. ग्राहकांना सांताच्या तोंडाचा मातीचा मग फार आवडतो. आम्हाला मात्र त्यात आत किती भरले ते दिसत नाही, म्हणून बर्फसुद्धा मोजून घालावा लागतो. वरच्या चकचकीत झिरमिळ्या सतत गळत असतात. एक माणूस केवळ पेल्यांत काही पडले आहे का, हे पाहण्यासाठी ठेवलेला होता. रात्री दोनला सगळे मग मोजायचे. रोज चार-पाच कमी भरत. लोक ते कोटाच्या खिशात घालून नेतात. मग आवडला तर विकत घ्यावा, बहुतेक ठिकाणी ते विक्रीला असतात.

आणखी दोन गोष्टी मनापासून सांगाव्याशा वाटतात. रांग लांब असेल आणि आपले पिऊन झाले असेल, तर जागा मोकळी करावी. बाहेरची माणसे खरोखर गारठलेली असतात. दुसरी गोष्ट टिपची. येथील बारमध्ये काम करणाऱ्याची कमाई मुख्यतः टिपवरच चालते, आणि एक पेय सोळा ते वीस डॉलरचे असताना वर वीस टक्के द्यायचे म्हणजे आपल्याला जड वाटते, हे मलाही मान्य आहे. पण तो खर्च धरूनच बाहेर पडावे. आपली माणसे टिप देत नाहीत, हे माझ्या सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकताना मला फार लाज वाटली आणि त्या महिन्यात एका मराठी कुटुंबाने पंचवीस टक्के ठेवले, तेव्हा मी त्यांना नाव न विचारता मराठीत धन्यवाद दिले. त्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मला अजून आठवते.

स्टुटगार्ट, जर्मनी

आमच्याकडे हे सारे उघड्यावर, बाजारात चालते, तरी विषयाला धरून आहे म्हणून लिहितो. ग्ल्यूवाइन, म्हणजे मसाले घातलेली गरम वाइन, उकळू द्यायची नसते, नुसती गरम ठेवायची असते, नाहीतर मद्य उडून जाते आणि मसाला कडवट होतो. मगासाठी काही युरो अनामत घेतात. मग परत केला की पैसे परत. मुलांसाठी त्याच ठेल्यावर बिनमद्याचा किंडरपुन्श मिळतो. त्यामुळे आम्ही चौघेही एकाच टेबलाभोवती उभे राहून वाफाळणारे मग हातात धरू शकतो, आणि माझ्या मुलींना आपण बाजूला पडलो असे वाटत नाही.

पुणे

महाराष्ट्रात नाताळच्या बारला जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी एवढेच, की बिअर आणि वाइनसाठी येथे वय एकवीस असले तरी रम, व्होडका वगैरेंसाठी ते पंचवीस आहे. कॉकटेलमध्ये बहुधा हीच असतात. माझ्या तेवीस वर्षांच्या पुतणीला त्यामुळे आमच्याबरोबर संत्र्याच्या रसावर संध्याकाळ काढावी लागली.

मिलवॉकी, विस्कॉन्सिन

वसईच्या ताईंना विनंती आहे. खिमाड घरी कसे करावे, ते सांगाल का?

वसई, सध्या न्यू जर्सी

प्रत्येक घरची रीत निराळी असते, मी माझ्या आजीची सांगते. पातेल्यात साखर घालून ती मंद आचेवर तांबूस होऊ द्यावी, करपू देऊ नये. त्यात पाणी बेताने ओतावे, कारण ते उसळते. मग दालचिनी, लवंग आणि ठेचलेली वेलची घालून दहा मिनिटे उकळावे, गाळावे, आच बंद करावी आणि मगच दारू घालावी. आजी मोहाची घालत असे. मी येथे रम घालते. गेल्या वर्षी बारमधून विकत घेतलेले सांताचे दोन मग आमच्याकडे आहेत. मिस्सा आटोपून घरी आलो की आम्ही त्यांतच खिमाड ओततो आणि सकाळी सात वाजता, म्हणजे वसईत संध्याकाळ झालेली असताना, आईला व्हिडिओवर दाखवतो. मग किती रुपयांना पडला, हे ती दर वेळी विचारते.