वापरलेले कृत्रिम पाय ओतीव काचेत बसवता येतील का?

प्रश्न
तीन जणांनी गुडघ्याखालचे आपले वापरून झालेले कृत्रिम पाय मला शिल्पासाठी स्वखुशीने दिले आहेत. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे सॉकेट (पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो तो पोकळ भाग), अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि फोमचे पाऊल अशी त्यांची घडण आहे. ते काचेच्या ठोकळ्यात गोठल्यासारखे दिसावेत अशी कल्पना आहे. त्यांच्यावर वितळलेली काच थेट ओतता येईल का?

प्रतिसाद १
नाही, आणि प्रयोग म्हणूनही ओतू नका. काच ओतताना तिचे तापमान १००० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंशांना आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर पावलातला फोम पॉलियुरेथेनचा असल्यास जळताना हायड्रोजन सायनाइडसारखा विषारी वायू सोडतो. शिवाय तापमानामुळे अ‍ॅल्युमिनियम साध्या काचेच्या सुमारे अडीचपट आकसते-प्रसरते, त्यामुळे नळी काचेत कशीबशी बसवली तरी निवताना काच तडकेल.

त्यापेक्षा सॉकेटच्या पोकळीचा सिलिकोनचा साचा घ्या, त्यावरून मेणाचा आकार करा, त्याभोवती प्लास्टर आणि सिलिकाचा साचा बांधा आणि मेण काढून टाकल्यावर भट्टीत ८५० अंशांच्या आसपास काच त्यात उतरू द्या. चेक शिल्पकार लिबेन्स्की आणि ब्रिख्तोवा यांची मोठी शिल्पे अशीच भट्टीतल्या साच्यात घडली. घाई मात्र नको; दहा सेंटीमीटर जाडीची काच निववायला कित्येक दिवस लागतात. मूळ सॉकेट नंतर शेजारी, थंड स्थितीतच जोडा.

प्रतिसाद २
मी स्वतः असा पाय वापरतो, म्हणून एक गोष्ट सुचवतो. सॉकेट स्टंपच्या, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाच्या, मापावर बनते, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाच्या कामाचे नसते. पाऊल आणि नळी मात्र तंत्रज्ञाकडून तपासून घेतल्यास कोणाला तरी उपयोगी पडू शकतात, तेव्हा ती आधी वेगळी करा. दुसरे असे की, पोकळीचा साचा काढलात की हाती येणारा आकार देणाऱ्याच्या स्टंपचा असेल, आणि त्याची परवानगी तुम्ही घेतलेली दिसत नाही. माझ्या सॉकेटमध्ये गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे भार येतो तिथे, घासून घासून चकचकीत झालेला बोटभर पट्टा आहे. तो काचेत दिसला तर मला आवडेल. दुसऱ्याला आवडेलच असे नाही.

प्रश्नकर्ता
परवानगीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. तिघांनाही पुन्हा विचारतो. तो चकचकीत पट्टा काचेत उतरेल का?

प्रतिसाद १
आकार उतरेल, चकाकी नाही. प्लास्टरच्या साच्यातून काच खरखरीत आणि धुरकट निघते. बाकीचा भाग तसाच ठेवून तेवढा पट्टा हाताने पॉलिश करा.